तिथीची पाऊणपट आणि बरी होम्सचं जोतं

"आज पौर्णिमा ना? मग साडेपाचला सुकती. चारचा चहा घेऊ आणि निघू," अण्णा म्हणाले (सुकती म्हणजे ओहोटी) आणि मी मान डोलावली. माझी चूक एवढीच. खिशात मोबाइल होता, मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं, आणि तरी मी ते उघडलं नाही. भरतीच्या बाबतीत अण्णा चुकलेले मी आजवर पाहिले नव्हते.

अण्णा अलिबागचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला सहाची भरती. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा-बाराची, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. या हिशोबावर आम्ही कुलाबा किल्ल्यात किती वेळा चालत जाऊन आलो त्याची गणती नाही. घोडागाडीला पैसे घालणारे पाहुणे, असं आमच्या घरात समजलं जाई.

तर वैशाखी पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचला आम्ही चौघं वेल्समधल्या लँगेनिथच्या वाळूवर उभे होतो. समोर बरी होम्स नावाचं बेट, आणि मध्ये छातीभर पाणी. ते आणखी चढत होतं. अण्णांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "यांचा समुद्र चुकलाय."

समुद्र चुकला नव्हता. पाऊणकीचा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे. चंद्र माथ्यावर आल्यापासून किती वेळाने पाणी चढतं ते प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, तर वेल्सच्या या भागात त्याच दिवशी ती सकाळ-संध्याकाळ सहा-सातला येते आणि दुपारी एकच्या सुमाराला ओहोटी असते. बरोब्बर उलटं. त्या संध्याकाळी आम्ही वाळूत बसून थर्मासमधला चहा संपवला, लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी पोरं पाहिली आणि घरी आलो. बेट दुसऱ्या दिवशी झालं. पुढचा वृत्तांत त्या दुसऱ्या दिवसाचा आहे.

आधी जागा कुठे ते सांगतो. स्वान्सी शहराच्या पश्चिमेला गावर नावाचा द्वीपकल्प समुद्रात घुसलाय. 'विशेष निसर्गसौंदर्याचा प्रदेश' हा कायदेशीर दर्जा ब्रिटनमध्ये सगळ्यात आधी मिळाला तो यालाच, १९५६ साली. त्याच्या पश्चिम टोकाला रोसिलीचा पाचेक किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा आहे. या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला वर्म्स हेड नावाचा अजगरासारखा पसरलेला खडक. त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, सगळी गर्दी तिकडेच जाते. उत्तर टोकाला बरी होम्स. नावातल्या 'होम्स'चा घराशी संबंध नाही. नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, दर्यावर्दी बेटाला 'होल्म' म्हणत, स्टॉकहोममधला 'होम' तोच. इकडे फारसं कोणी येत नाही, आणि येणाऱ्यांतले निम्मे बेटावर एक मध्ययुगीन देवळाची जागा आहे हे न कळताच परत जातात. वाळूवर भेटलेल्या एका जोडप्याला मी विचारलं, चर्च पाहिलंत का? "कुठलं चर्च?" ते नुकतेच त्याच्या भिंतीवर बसून सँडविच खाऊन आले होते.

त्यांचा दोष नाही, कारण बघायला खरंच फार थोडं आहे. गडावर वाड्याचं नुसतं जोतं उरलेलं असतं ना, तसं. ज्याला जोतं वाचता येतं त्याला वाडा दिसतो, बाकीच्यांना गवत.

गाडीने आलात तर दोन वाटा आहेत. रोसिली गावात गाडी लावून सगळा किनारा चालत येता येतं. तासाभराहून जास्त चाल आहे, पण वाटेत, रोसिलीच्या बाजूलाच, 'हेल्व्हेशिया' या १८८७ साली फुटलेल्या नॉर्वेजियन जहाजाच्या फासळ्या वाळूतून वर आलेल्या दिसतात. लाकूड घेऊन चाललेलं जहाज होतं ते. पण मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सरळ लँगेनिथ गावातून हिलएंडला जा. तिथे तंबूंची मोठी जागा आहे, पैसे भरून गाडी लावता येते आणि स्वच्छतागृह आहे. ते वापरूनच पुढे जा, बेटावर आडोशाचं झाडसुद्धा नाही. तिथून वाळूच्या टेकड्या ओलांडल्या की उजवीकडे वळायचं आणि अडीच किलोमीटर चालायचं. आम्हाला पाऊण तास लागला, अण्णा पुढे आणि आम्ही मागे. चालताना पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू धरा. वर कोरड्या वाळूत पाय रुतून पोटऱ्या भरून येतात. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी लाटांवर खेळणाऱ्यांच्या गाड्यांनी हिलएंडची जागा सकाळीच भरते आणि गावातला रस्ता इतका अरुंद आहे की समोरून ट्रॅक्टर आला तर कोणाला तरी मागे जावंच लागतं. आम्ही दोनदा गेलो. स्वान्सीहून लँगेनिथपर्यंत बसही आहे, पण परतीची गाडी कधी आहे ते आधी बघून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ओहोटी दीडच्या सुमाराला होती. आम्ही बाराला खाडीसमोर पोचलो तर आदल्या संध्याकाळी जिथे पाणी होतं तिथे वाळू, खडक आणि खडकांतली डबकी. समोरच्या भूभागाच्या टोकाला स्पॅनियार्ड रॉक्स म्हणतात. तिथून बेटापर्यंतचं अंतर लहान आहे, पण खडकांवर बारीक कालवांसारखे धारदार शिंपले आणि ओलं शेवाळ आहे. सँडल किंवा चपला नकोत, तळव्याला पकड असलेले बूट घाला. ओवी (वय नऊ) प्रत्येक डबक्याशी थांबत होती. एका डबक्यात खेकडा होता, दुसऱ्यात काचेसारखी कोळंबी. अण्णांनी कोळंबी बोटाएवढी नाही म्हणून तिला नापास केलं.

बेटावर चढलात की लगेच पश्चिमेच्या उंच टोकाकडे निघू नका. सगळे तीच चूक करतात, नजर तिकडे ओढली जाते म्हणून. बेटाच्या जमिनीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला एक खोलगट जागा आहे, तिथे उतरा. ती सापडायची माझी खूण सांगतो: वारा थांबला की समजायचं, आलं. वर उभं राहिलं तर टोपी धरून ठेवावी लागते, आणि दहा पावलं खाली आलं की एकदम कानांतला आवाज बंद होतो. मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "बांधणारा दर्यावर राहिलेला माणूस होता."

तिथे गवतात दगडी भिंती आहेत, कुठे घोट्याइतक्या, कुठे गुडघ्याच्या वर. दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. एक मोठी, जास्त शाबूत असलेली इमारत दिसते. ती नंतरच्या काळातली, मठाच्या माणसांच्या राहण्या-बसण्याची, आणि बहुतेक लोक तिलाच चर्च समजून फोटो काढतात. चर्च त्याहून लहान आणि अधिक झिजलेलं आहे. त्याची लांबी पूर्व-पश्चिम आहे, आणि पूर्वेच्या टोकाला जोतं आत घेऊन अरुंद झालंय. रुंद भाग लोकांनी उभं राहायचा, अरुंद भाग वेदीचा. सभामंडप आणि गाभारा म्हणा हवं तर. ओवीला मी पावलांनी लांबी मोजायला लावलं. ती मध्येच एका गोगलगायीपाशी थांबली आणि आकडा विसरली, म्हणून तो इथे देत नाही. पण आमच्या अलिबागच्या घराच्या पडवीत हे सगळं चर्च मावेल असं अण्णांचं मत पडलं.

दगड इथलाच, करडा चुनखडीचा. जवळ बसून पाहिलं तर त्यावर केशरी-पिवळ्या दगडफुलाचे ठिपके, आणि सांध्यांतून समुद्रकाठच्या थ्रिफ्टची गुलाबी फुलं गुच्छागुच्छाने आलेली. मे-जूनमध्ये गेलात तर ही फुलं मिळतील. एका कोपऱ्यात भिंतीचे तीन थर अजून ओळीत आहेत, खाली मोठे दगड, वर सपाट, मधल्या फटींत चिपा मारलेल्या. गवंडी कुठलाही असो, चिपा मारतोच. अण्णांनी त्यातली एक चिप बोटाने हलवून पाहिली, आणि मी त्यांना ओरडलो. ही कायद्याने संरक्षित जागा आहे. इथे दगड हलवणं, उकरणं, धातुशोधक यंत्र फिरवणं हा गुन्हा आहे. (ती हलली नाही. म्हणजे चिपही आणि अण्णाही.)

हे दगडी काम साधारण बाराव्या शतकातलं. पण १९६० च्या दशकात डग्लस हेग यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा दगडी चर्चच्या खाली लाकडी इमारतीच्या खांबांचे खड्डे मिळाले. म्हणजे आधी लाकडाचं काहीतरी इथेच होतं, आणि नंतर त्याच जागेवर, तीच दिशा धरून दगडाचं उभं राहिलं. ते लाकडी बांधकाम प्रार्थनामंदिरच होतं असं मानतात, आणि जागेचा हट्ट बघता मलाही ते पटतं. देवाची जागा सहसा हलवत नाहीत. पण खड्डे बोलत नाहीत. एखाद्या एकट्या साधूची झोपडीही अशीच चार-सहा खांबांची असली असती.

आता या साधूची गोष्ट, कारण ती माहीत नसेल तर या जोत्यात रस वाटणार नाही. या भागाचा संत केनिद, सहाव्या शतकातला म्हणतात. लँगेनिथ हे नाव त्याच्यावरूनच, म्हणजे केनिदचं देवस्थान. दंतकथा अशी की तो एका राजघराण्यात अनौरस जन्मला, त्याचा एक पाय पोटरीपासून मांडीला चिकटलेला होता, आणि जन्मल्याबरोबर त्याला वेताच्या टोपलीत घालून लाउर नदीच्या मुखात सोडून दिलं. वादळ झालं. समुद्रपक्ष्यांनी ती टोपली उचलून एका खडकावर नेली, आपली पिसं पसरून बिछाना केला आणि पंखांनी पाऊस अडवला. एका देवदूताने स्तनाच्या आकाराची घंटा आणून दिली, हरिणी तिच्यात दूध सोडून जाई. मूल तिथेच वाढलं आणि साधू झालं.

मी हे सांगत असताना अण्णा जोत्यावर बसून शेंगदाण्याचे लाडू खात होते. "कर्णच की," ते म्हणाले. "फक्त याला राधा नाही मिळाली, पक्षी मिळाले." ओवीला कर्णाची पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत आणि मग गंगेत कशी गेली ते अर्धा तास ऐकायला मिळालं. केनिद बाजूला राहिला. काही जण तो खडक म्हणजे वर्म्स हेड म्हणतात, काही हेच बेट म्हणतात. डोक्यावरून पक्षी एवढे ओरडत फिरत होते की माझं मत इकडे झुकलं.

दुसरा माणूस म्हणजे काराडॉग, आणि हा जरा इतिहासाच्या उजेडातला. ऱ्हीस अप ट्यूडर या दक्षिण वेल्सच्या राजाच्या पदरी होता, वीणेसारखं हार्प वाजवायचा. राजाच्या लाडक्या शिकारी कुत्र्यांची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि ती कुत्री हरवली. राजा संतापला, धमक्या दिल्या. काराडॉगने चाकरीला रामराम ठोकला, संन्यास घेतला आणि केनिदचं ओस पडलेलं देवस्थान साफसूफ करून तिथे राहिला. मृत्यू ११२४ साली. तो राहिला ते गावातल्या चर्चमध्ये की या बेटावर, यावर वाद आहे. "कुत्री हरवली म्हणून संन्यास," अण्णा म्हणाले, "आपल्याकडे बायकोशी भांडून घेतात."

खोलगट जागेतून आता वर चढा. पन्नासेक पावलांवर जमीन एकदम खचते आणि पुन्हा चढते. बेटाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा छेद देणारा खंदक आणि त्यामागचा मातीचा बांध आहे तो, लोहयुगातला, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. पलीकडच्या भागाला तिन्ही बाजूंनी कडे, चौथ्या बाजूला हा खंदक. जलदुर्ग नव्हे, पण भूशिरावरचा कोट म्हणता येईल असा. भर दुपारी खंदक सपाट दिसतो, सावली पडली की उठून दिसतो, म्हणून फोटोसाठी ऊन तिरपं असेल तो दिवस बघा. मला यातली एक गोष्ट फार आवडली. लढणाऱ्यांनी वाऱ्याची उंच बाजू घेतली आणि प्रार्थना करणाऱ्यांनी, हजारभर वर्षांनी येऊन, त्यांच्या खंदकाबाहेरची वारा न लागणारी बाजू घेतली. बेट एवढंसं, पण दोघांना एकमेकांची जागा नको होती.

याहूनही मागचं या मातीत आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने इथे खोदकाम केलं तेव्हा मध्याश्मयुगातली गारगोटीची बारीक पाती मिळाली, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा हे बेट नव्हतंच. समुद्र वीस किलोमीटर दूर होता आणि इथे मैदानातली एक टेकडी होती, शिकारी लोक वर बसून जनावरांवर नजर ठेवत. ओवीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली. मग तिने विचारलं, मग ते मैदान आता कुठे आहे? मी पाण्याकडे बोट दाखवलं.

पश्चिम टोकाला कड्याच्या काठाशी जाऊ नका, गवत निसरडं आहे आणि खाली सरळ उतार आहे. तिथून दक्षिणेला वर्म्स हेड स्पष्ट दिसतं. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला क्षितिजावर कॅल्डी बेट दिसतं. तिथे आजही मठ चालू आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळेचं. मी स्वतः ओहोटीच्या वेळेआधी दीड-दोन तास जातो आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत परत वाळूवर येतो. लोक याहून जास्त थांबतात, मला ते धाडस नको. ब्रिस्टल खाडीच्या या बाजूला उधाणाच्या दिवशी पाणी आठ मीटरपेक्षा जास्त चढ-उतार करतं. आपल्या अलिबागला उधाण आलं तरी ते साडेचार-पाच मीटरचं, म्हणून आपला अंदाज इथे तोकडा पडतो. पाणी समोरून येताना दिसत नाही, बाजूच्या पन्हळींतून आधी भरतं आणि मग कळतं. वेळापत्रक बरी पोर्टचं किंवा मम्बल्सचं बघा. त्यात एक खाच आहे: काही छापील वेळापत्रकं ग्रिनिच वेळेची असतात आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं. वेळापत्रकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचूनच निघा. रोसिलीला वर्म्स हेडसाठी लावलेल्या वेळा या बेटाला लावू नका. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, पाणी फार मागे हटत नाही, शिवाय ओहोटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी येते. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम, दुपारचं जेवण बेटावर होतं. अडकलातच तर पोहून यायचा विचारही करू नका. बेटाचा वरचा भाग बुडत नाही, उबदार कपडे घालून बसा, ९९९ लावून तटरक्षक मागा. फोनची रेंज येते-जाते, म्हणून घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगून निघा.

आम्ही तीनच्या आधी वाळूवर आलो. मागे वळून पाहिलं तर ओवीचा खेकडा ज्या डबक्यात होता ते डबकं अजून उघडं होतं, पण त्याच्या पलीकडच्या पन्हळीत पाणी हलायला लागलं होतं.

वाटेत लँगेनिथच्या चर्चमध्ये दहा मिनिटं थांबाच. गावरमधलं हे सगळ्यात मोठं चर्च. आवाराच्या छपरी फाटकाच्या लाकडावर केनिदची गोष्ट कोरली आहे, टोपली आणि पक्षी शोधायला मुलांना सोडा. आत एक कोरीव शिळा आहे, ती केनिदची समाधी म्हणून दाखवतात. समोरच्या हिरवळीवर त्याच्या नावाची विहीर, तिच्या झाकणाच्या दगडावर पुसट झालेला क्रूस. केनिदचा दिवस ५ जुलै. पूर्वी त्या दिवशी गावात जत्रा असे, बुरुजावर काठीला पक्षी बांधून उंच चढवत, आणि दूध, पीठ, साखर, बेदाणे घालून खिरीसारखा एक पदार्थ करत. पक्ष्यांनी वाढवलेल्या पोराची जत्रा, म्हणजे पक्षी वर हवाच.

घरी आल्यावर अण्णांनी बरोबर आणलेलं कालनिर्णय काढलं आणि त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: "वेल्स. पाऊणपट अधिक सहा. उन्हाळ्यात अधिक सात." पुढचे पंधरा दिवस ते रोज सकाळी मला वेळापत्रक वाचायला लावून ताळा करत होते. कधी पाऊण तास चुकायचं, कधी दहा मिनिटं. तुम्ही मात्र वेळापत्रकच बघा.